होडीवाली

चिठ्ठीवर 'छान' हा शब्द लिहायचा नाही. हा दुकानाचा नियम आहे, आणि तो मी केलेला आहे.

•

सांडलेला डिंक वेळीच पुसला नाही तर त्याचा दगड होतो.

•

शेजारच्या शिंपीणबाई सकाळपासून तिसऱ्यांदा आमच्या दारात. "अकराला येतो म्हणाला मेला, आता वाजले दोन! माझं मशीन बंद, गिऱ्हाइकं डोक्यावर बसलीयेत. माणसाच्या शब्दाला काही किंमत?"

•

आई, फोनवर: "ती गायला लागली ना, की तुझे बाबा हातातलं भांडं तसंच टाकून नाचायला लागायचे. साबणाचे हात घेऊन!"

•

आनंदी गाणी मला संशयास्पद वाटतात.

•

आता नीट सांगते.

मामांचं जुन्या रेकॉर्डचं दुकान आहे. मी तिथे अकरा वर्षं बसते. प्रत्येक अल्बमवर एक पिवळी चिठ्ठी चिकटवायची आणि तिच्यावर आपलं मत लिहायचं, हे काम मला कुणी सांगितलं नव्हतं. मामा म्हणतात, "अगं बये, तुझ्या चिठ्ठ्या वाचून गिऱ्हाईक पळतं." पळणारं गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात भांडायला परत येतं, हे मात्र ते सांगत नाहीत.

त्या दिवशी मामा जेवायला गेले होते. काउंटरवर मी एकटीच, तोंडात पेनाचं टोपण. दारात एक उंच माणूस उभा राहिला. खांद्याला हत्यारांची पिशवी, केसांवर पावसाचे बारीक थेंब. त्याने हातातल्या चिटोऱ्याकडे पाहिलं. दारावरच्या पाटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं… आणि बघतच राहिला.

"सुई बदलायची आहे… ना?"

"कधीची!" मी म्हटलं. मामा तीन महिने नुसतं 'बोलावतो, बोलावतो' म्हणत होते. "किती वाट बघायला लावलीत!"

त्याने पुन्हा एकदा चिटोऱ्याकडे पाहिलं. मग त्याची व्यवस्थित घडी घातली आणि खिशात ठेवली.

"हो," तो म्हणाला, "उशीरच झाला जरा."

वाकून त्याने आमचं जुनं यंत्र न्याहाळलं. सुई हलकेच बोटाच्या टोकावर घेतली. मांजराच्या पिल्लाचा पंजा धरावा तशी.

"ही सुई आत्ता माझ्याकडे नाही."

"सुई बदलायला आलात आणि सुई नाही?"

"आहे. पण… दुसऱ्या प्रकारची आहे. ही उद्या आणतो."

"नक्की?"

"आता तर नक्कीच."

आणि कानापर्यंत लाल झाला. मला वाटलं, कामात चुकल्यामुळे.

"हा वेगाचा खटकाही हलत नाहीये," तो म्हणाला.

"मामांनी डिंक सांडला होता. अकरा वर्षं तेहतीसवरच अडकलाय. असू दे. मोठी तबकडी मिनिटाला तेहतीस फेरे घेते, छोटी पंचेचाळीस. आम्ही इथे फक्त मोठ्या वाजवतो." हे वाक्य मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा ऐकवलंय की झोपेतही म्हणू शकते.

"मोकळा करून देऊ? दहा मिनिटांचं काम आहे."

"नको. चाललंय ना? मग चालत्याला हात लावायचा नाही."

जाता जाता तो एका चिठ्ठीपाशी थांबला. वाचली. हसला. पुढची वाचली. मग त्याच्या पुढची…

"हे कुणी लिहिलंय?"

"मी."

"सगळ्यांचे निकाल लावून ठेवलेत की! निकालबाईच आहात."

"आणि तुम्ही सुई नसलेले सुईवाले."

नावं पडली ती अशी.

•

चिठ्ठी (मुखपृष्ठावर चार भाऊ, चौघांचा न्हावी एक): पहिल्या बाजूवर चौघंही एका मुलीवर रागावलेत. दुसऱ्या बाजूवर, तिने उत्तर दिलं नाही म्हणून आणखी रागावलेत. ड्रम वाजवणाऱ्याने मात्र तिला कधीच माफ केलंय, ते ऐकू येतं. त्याच्यासाठी घ्या.

मागच्या बाजूला, निळ्या शाईत: माफ केलेलं नाही. दमलाय. चौथ्या गाण्यापासून त्याचा डावा हात मागे पडतो. — सुईवाला

•

चिठ्ठी (कार्यक्रमात ध्वनिमुद्रित केलेला अल्बम, मुखपृष्ठावर नुसता घाम): टाळ्या जास्त, गाणी कमी. तिसऱ्या गाण्यात श्रोत्यांमधलं कुणीतरी एकटंच खोकतं. अल्बमभरातला सर्वांत प्रामाणिक आवाज.

मागे: तो दोनदा खोकतो. दुसऱ्यांदा गाणाऱ्याला हसू येतं. पुन्हा ऐका.

(पुन्हा ऐकला. येतं. मी अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं. त्या दिवशी कुणाशीच धड बोलले नाही.)

•

चिठ्ठी (सोनेरी बूट): नाचायची दहा गाणी. घर झाडताना ऐकावा. प्रेमात असताना ऐकू नये, कमी पडेल.

मागे: ऐकला. कमी पडला.

•

ही शेवटची चिठ्ठी मी काउंटरखाली बसून वाचली. वरून मामांनी विचारलं, "काय गं, काय शोधतेस?"

"टोपण."

"तोंडात आहे."

•

सुई बदलून झाली होती. तरी तो येत राहिला. कधी यंत्राचा पट्टा तपासायला, कधी सुईच्या दांड्याचं वजन बघायला, कधी 'या बाजूलाच काम होतं' म्हणून. शिंपीणबाईंकडेही त्याचं येणं-जाणं सुरू झालं; त्यांचं शिवणयंत्रही त्यानेच दुरुस्त केलं म्हणे. त्या मला बघून उगाचच हसायला लागल्या होत्या.

भांडणं तर रोजची.

"तुम्हाला पॉप का आवडत नाही?" तो एकदा म्हणाला. स्क्रू दातांत धरलेला, त्यामुळे 'पॉप'चं 'पॉफ' झालेलं.

"आवडतं. पण त्याच्यावर विश्वास बसत नाही. सारखं काय आनंदात असायचं? माणूस खरा कळतो तो दुःखात."

"रडायला काय, दात दुखला तरी येतं. तीन मिनिटांत एखाद्याला हसवून दाखवा म्हणावं तुमच्या त्या रॉकवाल्यांना. लांब केस सोडून गुडघ्यावर बसतात नुसते."

"तुम्ही होडीवाला ऐकलेला नाही, म्हणून बोलताय."

"कोण होडीवाला?"

मी टोपण पुन्हा तोंडात घातलं. त्या अल्बमवर चिठ्ठी नव्हती. विकायला नव्हताच तो.

•

तो बाबांचा. बाबा जहाजावर स्वयंपाकी होते. कुठल्यातरी बंदरातून आणलेला. मुखपृष्ठावर राखाडी पाणी आणि एक रिकामी होडी. अक्षरं अशा लिपीत की ओ की ठो कळत नाही. म्हणून रेकॉर्डचं नाव होडीवाली, आणि गाणारा तो होडीवाला.

बाबा गेले तेव्हा मी पाच वर्षांची होते. घरातलं यंत्र मोडीत गेलं. रेकॉर्ड तेवढी राहिली. एकोणिसाव्या वर्षी दुकानात आले तेव्हा बरोबर घेऊन आले, आणि पहिल्यांदा ऐकली.

आठ गाणी. ढोल असा, जसं कुणी पाय ओढत जिना चढतंय. गिटारचा प्रत्येक स्वर पडायच्या आधी विचार करतो. आणि तो आवाज! खोल, जड. ज्याने सगळं गमावलंय आणि आता कुणाबद्दल तक्रारही उरलेली नाही, अशा पुरुषाचा आवाज.

त्या दिवसापासून माझ्या मनात एकच प्रश्न. माझ्या बाबांना असं कसलं दुःख होतं, की त्यांनी ही रेकॉर्ड सात समुद्र पार करून आणावी? आईला विचारलं की ती म्हणायची, "दुःख? त्यांना? अगं, ती गायला लागली की नाचायचे!" मला वाटायचं, आईने आठवणींना साखर लावून ठेवलीये. असल्या गाण्यांवर कुणी नाचतं का? अकरा वर्षं मी बाबांच्या मनातलं ते न सांगितलेलं काहीतरी शोधत होते. बाबांची माझ्याकडे तेवढीच तर ओळख होती.

आणि येत्या शनिवारी मी होडीवाली पहिल्यांदा लोकांसमोर वाजवणार होते. महिन्यातून एकदा दुकानात बैठक असते: कुणीतरी एक अख्खा अल्बम ऐकवायचा आणि तो आपला का, ते सांगायचं. या वेळी माझी पाळी. चाळीस माणसं. आणि आई. ती दुकानात कधी पाय ठेवत नाही — 'धुळीने शिंका येतात' — पण या वेळी येते म्हणाली होती.

सोमवारी मी रेकॉर्ड सुईवाल्याच्या हातात ठेवली.

"घरी नेऊन ऐका. ही मी कुणाला देत नाही."

"मग मला का?"

"मत हवंय."

"आणि नाही आवडली तर?"

त्याने रेकॉर्ड दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि रस्ता ओलांडताना तीनदा उजवीकडे-डावीकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं, की आता मतापेक्षा जास्त काहीतरी त्याच्याकडे गेलंय.

•

मंगळवार. नाही आला.

बुधवार. नाही. मामा म्हणाले, "दाराकडे बघून बघून दार झिजेल गं."

गुरुवारी आला. रेकॉर्ड काउंटरवर ठेवली. माझ्याकडे न बघता.

"मग?"

"…छान आहे."

मी तोंडातलं टोपण काढलं.

"काय म्हणालात?"

"छान आहे. म्हणजे… खूप छान."

डाव्या हाताची चूक ऐकणारा, खोकला मोजणारा माणूस. आणि माझ्या बाबांच्या अल्बमला 'छान'! मी रेकॉर्ड बाहेर काढली. दुकानात आलेल्या प्रत्येक रेकॉर्डच्या मधल्या लेबलावर मामा गोल चिकटपट्टी लावतात, तशी हिच्यावरही होती. तिची एक कड उचकटलेली होती.

"हे काय केलंत?"

"ते… मी सांगणार होतो…"

"तू ऐकलीच नाहीस," मी म्हटलं. "नुसती उचकटून आणलीस."

'तू' कसं बाहेर पडलं कळलं नाही. त्यालाही ते लागलं, चेहऱ्यावर दिसलं. त्याने पिशवी उचलली आणि गेला.

मामा आतून म्हणाले, "आता तुझा निकाल काय?"

"नापास," मी म्हटलं, आणि मागच्या खोलीत जाऊन पिवळ्या चिठ्ठ्यांचं अख्खं पाकीट उगाच मोजलं.

•

शनिवार. बैठक पाचला. चारला मी एकटी खुर्च्या लावत होते. मामा आणखी खुर्च्या मागायला शिंपीणबाईंकडे गेले होते.

दार पाठीने ढकलत तो आत आला, कारण हात रिकामे नव्हते. त्याने घरचं यंत्र उचलून आणलं होतं. वायर मागे शेपटीसारखी लोळत होती.

"बैठक पाचला आहे," मी कोरडेपणाने म्हटलं.

"माहीत आहे. रागवायचं ते नंतर रागवा. पाच वाजायच्या आधी तुम्हाला एक सांगायला हवं. दोन दिवस धीर झाला नाही… पण चाळीस माणसांसमोर दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं."

"काय लक्षात आलं असतं?"

"बसा ना आधी."

त्याच्या आवाजात असं काही होतं की मी बसले. त्याने लेबलावरची चिकटपट्टी पूर्ण उचलली. खाली, बारीक छापलेला आकडा होता. लिपी परकी, पण आकडे आपल्या ओळखीचे.

४५ — म्हणजे इंग्रजी आकड्यांत, पण पंचेचाळीसच.

"ही मोठी आहे," मी म्हटलं.

"हो. क्वचित मोठ्याही पंचेचाळीसच्या असतात."

"नाही."

"तुमच्या यंत्राचा खटका डिंकात अडकलेला. आकड्यावर मामांची चिकटपट्टी. आणि अकरा वर्षं…"

"नाही हं."

त्याने रेकॉर्ड आपल्या यंत्रावर चढवली. त्याने सुई ठेवली. मांजराच्या पंजासारखीच.

जिना चढणारा माणूस पळत सुटला. गिटारने विचार करणं सोडून दिलं आणि उड्या मारायला लागली. ढोल, टाळ्या, मागे कुणीतरी शिट्टी मारतंय… आणि मग होडीवाला गायला लागला.

तो नव्हताच. ती होती.

एक बाई गात होती. लख्ख, खट्याळ, एका श्वासात तीन ओळी, आणि ओळीच्या शेवटी हसू दाबल्यासारखा एक हेलकावा. माझा तो थकलेला, सगळं गमावलेला पुरुष… एक नाचरी पोर निघाली.

मी अकरा वर्षं गाढव झाले होते, हे एक. पण माझे बाबा? त्यांचं ते दुःख?

"बोला काहीतरी," तो घाबरून म्हणाला. "हवं तर चिडा. गुरुवारी सांगणार होतो, पण तुमचा चेहरा बघितला आणि… होडीवाल्याला तुमच्यापासून तोडणारा माणूस मला व्हायचं नव्हतं."

तेवढ्यात दारात आई.

तासभर आधीच आलेली. एका हातात पर्स, एका हातात मिटलेली छत्री. उंबऱ्यावरच थबकलेली, डोळे विस्फारलेले.

"अगंबाई! हीच! हीच ती!"

"आई…"

"अशीच गायची ती! किती वर्षांनी गं!" पर्स खुर्चीवर आपटली, छत्री माझ्या हातात कोंबली, आणि माझी आई — गुडघेदुखीचं कारण सांगून जिना टाळणारी माझी आई — दोन खुर्च्यांच्या मधल्या जागेत नाचायला लागली. "तुझे बाबा असे वळायचे, बघ… असे! आणि मग साबणाचा फेस उडवायचे माझ्यावर!"

ती गायला लागली की.

रेकॉर्ड ती. म्हणून मला वाटायचं, आई रेकॉर्डबद्दल बोलतेय. आई त्या बाईबद्दल बोलत होती. साखर-बिखर काही लावली नव्हती तिने. माझ्या बाबांना काहीच दुःख नव्हतं… ते भांडी घासत होते, आणि मजेत होते!

मी हसायला लागले. थांबता येईना. हसता हसता डोळे भरले, आणि भरलेल्या डोळ्यांनी बघितलं तर आईने सुईवाल्याचे दोन्ही हात धरलेले आणि त्याला गरागरा फिरवत होती.

"हा कोण गं?" तिने फिरता फिरता विचारलं.

"सुईवाला."

"मग सुई बदलायची तर बदल, बघतोस काय? दुसरी बाजू लाव!"

•

बैठकीत मी सगळं सांगितलं. डिंकासकट, चिकटपट्टीसकट. मामांनी दोन्ही हात वर करून गुन्हा कबूल केला. पहिलं गाणं आधी आमच्या यंत्रावर लावलं, तेहतीसवर. मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. मग तेच त्याच्या यंत्रावर, पंचेचाळीसवर. शिंपीणबाई पहिल्या उठल्या. मग एकेक खुर्ची भिंतीला लागली.

सगळे गेल्यावर तो यंत्राची वायर गुंडाळत बसला होता. चार फेऱ्यांत गुंडाळून होईल अशी वायर तो नऊ वेळा गुंडाळत होता.

"मत राहिलं तुमचं," मी म्हटलं, आणि कोरी पिवळी चिठ्ठी पुढे केली. "लेखी हवं."

त्याने लिहिलं. बराच वेळ. मग चिठ्ठी उलटी करून माझ्याकडे सरकवली.

मंगळवारी पट्टीखालचा आकडा बघून पंचेचाळीसवर ऐकली. हसलो. मग वाटलं, निकालबाईंनी हिच्यात काय ऐकलं असेल? म्हणून बुधवारी तेहतीसवर ऐकली, तुमच्यासारखी. रडलो. दोन्ही अल्बम आवडले. पण मला त्याहून जास्त काही आवडलंय, आणि ते कसं लिहायचं याचा विचार करताना गुरुवारी तोंडातून 'छान' निघून गेलं.

मी वाचली. पुन्हा वाचली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली, उगाच.

"गुरुवारी मी 'तू' म्हणाले," मी म्हटलं. "रागात होते."

"रागातलं का असेना… परत मागायचं नाही."

"मग तूही म्हण."

"काय?"

"तू."

"तू," तो म्हणाला. एकच अक्षर, पण असं म्हणाला, की मला पुढची सगळी गाणी ऐकू आली.

मी चिठ्ठी उलटवली आणि कोऱ्या बाजूवर, माझाच नियम मोडून, लिहिलं:

छान.

खटका त्याने रविवारी मोकळा केला. कोमट पाणी, कापसाचा बोळा, दहा मिनिटं. होडीवाला तेहतीसवर अजून राहतो. मी त्याला अधूनमधून भेटून येते. पण घरी, भांडी घासताना, आम्ही तिलाच लावतो. फेस माझ्या केसांपर्यंत उडतो.

पहिल्या दिवशी त्याला सुई बदलायला बोलावलं होतं ते शेजारच्या शिंपीणबाईंनी, शिवणयंत्राची.